दार लावण्याआधीची हाक

“आदी बिल्लं बगायचं,” हिंदुराव म्हणाले. “एक जरी खिळ्याव ऱ्हायला, तरी दाराला हात लावायचा न्हाई. मानूस आत हाय, आसं समजायचं.”

दिनानाथने दाराशेजारच्या फळीकडे पाहिलं. फळीवर खिळ्यांची रांग होती. कोल्ड स्टोरेजमध्ये शिरताना हमाल आपापला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचे आणि बाहेर आले की काढून खिशात टाकायचे. आता जेवणाची सुट्टी होती. आत कोणी नव्हतं, तरी शेवटच्या खिळ्यावर एक बिल्ला लटकत होता, पार काळा पडलेला.

“हा एक राहिलाय की.”

“त्यो ऱ्हातूच. त्यो मानसिंगचा. मानूस ग्येला, बिल्ला ऱ्हायला.” हिंदुरावांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. “सांजच्याला दार लावताना दोन पावलं आत जायचं आन् हाक मारायची. मानसिंग, चल रं, दार लावतोय. मंग जरा थांबायचं. मंग लावायचं.”

“थांबायचं कशासाठी?”

हिंदुरावांनी भिंतीला टेकवलेली छत्री उचलली, डोक्यावरची लोकरी कानटोपी काढून खुर्चीवर ठेवली. ती आता दिनानाथची. मग जाता जाता वळून म्हणाले, “किती दिस काडनार हितं?”

“बघू. दसऱ्यापर्यंत तरी.”

“मी बी दोन म्हैनं बगतो म्हनूनच आल्तो,” हिंदुराव म्हणाले आणि डोक्यावरच्या पांढऱ्याशुभ्र केसांवरून हात फिरवत तुर्भ्याच्या त्या गल्लीतून कायमचे गावी निघून गेले.

नवी नोकरी पटली नाही, तर ती किती दिवसांनी सोडावी, यावर गोठणकरांच्या जुईनगरच्या घरात तीन पक्ष होते. क्षिप्रा, म्हणजे दिनानाथची लेक, ऐरोलीला एका चकाचक ऑफिसात होती आणि या विषयातली स्वतःला तज्ज्ञ समजायची. “बाबा, नाइन्टी डेज द्यायचे. त्याच्या आत सोडलं तर तुमचा प्रॉब्लेम, नंतर सोडलं तर कंपनीचा प्रॉब्लेम. सिंपल.” सरोजिनीबाईंना असले हिशेब कळत नसत. त्यांनी दसरा धरला होता. सणाच्या आधी घरातल्या माणसाने नोकरी सोडून बसायचं नाही, एवढंच. तिसरा पक्ष खुद्द दिनानाथचा. पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

न विचारण्याला कारणही होतं. महाप्याच्या एका कंपनीत त्याने उमेदीची सगळी वर्षं स्टोअरकीपर म्हणून घालवली. ती कंपनी गुजरातला गेली आणि दिनानाथ ऐन पन्नाशीत घरी बसला. पुढे एका मॉलमध्ये लागला. दिवसभर उभं राहून पाय सुजले म्हणून आठवड्यात घरी. मग एका कुरिअरच्या ऑफिसात लागला. तिथल्या पोरसवदा साहेबाने सर्वांसमोर ‘ओ अंकल’ म्हटलं, तेव्हा डबासुद्धा न घेता निघून आला. सोसायटीत आता लोक त्याला ‘काय, सध्या कुठे?’ असं विचारायला लागले होते, आणि त्यातला ‘सध्या’ त्याला झोंबायचा. ही तिसरी, कोल्ड स्टोरेजच्या दारावरची नोकरी मेव्हण्याने शब्द टाकून मिळवून दिलेली. ही सोडली असती तर मेव्हण्याचा शब्द गेला असता, आणि सरोजिनीबाई काहीही बोलल्या नसत्या. बायको बोलत असली की नवरा उत्तर तरी देऊ शकतो. तिचं न बोलणं दिनानाथने मागच्या दोन वेळी पोटभर ऐकलं होतं. तिसऱ्यांदा ऐकायची त्याची ताकद नव्हती.

म्हणून तो पहिल्या संध्याकाळी निमूटपणे कामाला लागला. हमाल निघून गेले होते. दाराबाहेरच्या ओट्याच्या टोकाला एक म्हातारी सफरचंदांच्या खोक्यांतले कागदाचे काप पोत्यात भरत बसली होती, तेवढीच. दिनानाथने जाडजूड कोट चढवला, कानटोपी कानांवर ओढली, दारातले प्लास्टिकचे पट्टे बाजूला सारले आणि दोन पावलं आत गेला. थंडीने नाकातलं पाणी गोठल्यासारखं झालं. पांढरट वाफेत खजुराच्या आणि चिंचेच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या, आणि वर पंख्यांची अखंड घरघर.

“मानसिंग,” तो जरा लाजतच म्हणाला. मेलेल्या, न पाहिलेल्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं, हेही त्याला कळेना. “चल रे, दार लावतोय.”

मग सांगितल्याप्रमाणे थांबला.

“व्हय.”

आवाज बारीक होता, घशातून ओढून काढल्यासारखा. पुरुषाचा की बाईचा, जवळून की लांबून, काही समजलं नाही. दिनानाथची पाचावर धारण बसली. तो बाहेर कसा आला, दाराचा दांडा कसा ओढला, त्याचं त्यालाच आठवेना. ओट्यावरची म्हातारी पोतं डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरत होती. तिच्याकडे पाहायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

घरी सरोजिनीबाईंनी विचारलं, “कसं होतं?” “थंड,” दिनानाथ म्हणाला. क्षिप्रा खो खो हसली.

त्यानंतर रोज तेच. हाक मारायची, थांबायचं, आणि आतून ‘व्हय’. कधी लगेच, कधी इतक्या उशिराने की दिनानाथ सुटकेचा श्वास सोडत असायचा आणि नेमका तेव्हा. दिवसा तो हमालांना आडून विचारायचा. शिवतेज म्हणून एक तरणा, बोलका हमाल होता. त्याला एकदा विचारलं, “काय रे, हा मानसिंग कसा गेला?”

शिवतेजने मान वळवली. “आतच गेला, काका. त्याचं काय नाय. तुमी हाक मारता ना? मग टेन्शन नको.” आणि तो पेटी पाठीवर टाकून आत गेला. जाताना बिल्ला खिळ्याला अडकवून, दोनदा हलवून पाहून.

टेन्शन नको म्हणणं सोपं होतं. दिनानाथला आता दुपारपासूनच सहा वाजण्याची धास्ती वाटायची. नोकरी कधी सोडायची याचा त्याचा आणि त्याचाच एक गुपचूप सौदा सुरू झाला. दसरा फार लांब होता. गणपती झाले की सांगू. मग वाटायचं, गणपती तरी कशाला, गोकुळाष्टमीलाच सांगून टाकू. गोकुळाष्टमी आली, तेव्हा सरोजिनीबाई शेजारणीला सांगताना ऐकू आल्या, “नाही हो, आता रुळलेत ते,” आणि त्या ‘रुळलेत’मध्ये इतका आनंद होता की दिनानाथने तो विचार घासाबरोबर गिळून टाकला. काय सांगणार? आत कोणीतरी आहे, म्हणून सोडतो? मॉलचे पाय, कुरिअरचा अंकल आणि आता भूत! मेव्हण्याने ही गोष्ट लग्नाकार्यांत रंगवून सांगितली असती.

एकदा तो बाथरूममध्ये तोंड धूत होता. सरोजिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “येताय ना जेवायला?”

“व्हय,” दिनानाथ म्हणाला.

तव्यावरचं उलथणं थांबलं. “हे काय नवीन? साताऱ्याचे कधीपासून झालात?”

दिनानाथ आरशात पाहत राहिला. हा आवाज आपणच काढला, की आपल्या तोंडून आणखी कोणी? त्या रात्री त्याने दिवा मालवू दिला नाही, डोळे दुखतायत असं काहीतरी उलटंच कारण सांगितलं.

गणपती गेले. विसर्जनानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी दिनानाथने ठरवलं, आता पुरे. नोकरी सोडवत नाही तर हाक सोडू. मॅनेजरने थोडंच सांगितलंय? नियम बिल्ल्यांचा आहे. भुताला हाक मारायची असं कुठल्याही नियमात नाही. त्याने फळी पाहिली, थप्प्यांमधल्या सगळ्या बोळांतून चक्कर मारून आत कोणी नाही याची खात्री केली, बाहेर आला आणि मुकाट्याने दांडा ओढला. काही झालं नाही. पंखे आत घरघरत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. घरी गेला तो चक्क शीळ घालत. सरोजिनीबाईंनी शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

तिसऱ्या दिवशी दार लावून, गेटपर्यंत जाऊन, तो रिक्षात बसला आणि सानपाड्याच्या पुलापाशी त्याच्या लक्षात आलं, डबा राहिला. उद्या आंबूस वास सुटला की सरोजिनीबाई ऐकवणार. तो परत फिरला.

अंधार पडत होता. गल्लीतले ट्रक गेले होते. ओट्याच्या टोकाला, बंद दाराशेजारी, ती कागदाचे काप गोळा करणारी म्हातारी बसून होती. पोतं भरलेलं, तोंड बांधलेलं. ती फक्त बसली होती.

“मावशी, घरी नाही गेलात? उशीर झाला.”

“तुमी हाक मारली न्हाई,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “काल बी न्हाई, परवा बी न्हाई. म्हनलं नवा मानूस हाय, इसरला आसंल. याद आली की यील माघारी.”

“हाक... कुणाला?” दिनानाथने विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं होतं.

“आमच्या मालकास्नी.”

दिनानाथ तिथेच पायरीवर टेकला. कोट, टोपी, डबा, सगळं विसरला. रंगूबाई, हे तिचं नाव त्याला तेव्हा कळलं, कोपरखैरण्याला माथाडींच्या खोल्यांत राहायची. गाव साताऱ्याकडचं. कांदा मार्केटात दिवसभर कांदे निवडायची आणि संध्याकाळी या ओट्यावर यायची.

“हिंदुरावनं काय सांगटलं न्हाई व्हय तुमास्नी?” ती म्हणाली. “त्यो कसं सांगंल म्हना. त्या दिशी बी ह्येंचा बिल्ला हुताच की खिळ्याव. पर पोरं बिल्लं इसरायचीच हो. रोज एकादा ऱ्हायचा. हिंदुरावाला वाटलं, ह्यो बी इसरून ग्येला. लावलं दार.”

“मग?”

“खजुराच्या थप्पीमागं हुतं ते. छातीत कळ आली म्हनं. सकाळी दार उगडल्याव घावलं.” तिने पदराने ओठ पुसले. “डागदर म्हनला, लगीच ग्येलं आसतील, त्यास्नी काय कळलं बी नसंल. लगीच का उशिरानं, कुनी बगितलंय?”

 दाराच्या अलीकडे बसून दिनानाथला आतली थंडी जाणवली. रात्रभर बंद दाराकडे पाहत पडलेला, हाकेची वाट बघणारा एक माणूस त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

“हिंदुरावनं लई मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिसापास्नं रोज हाक. मी काय बोलले न्हाई त्येला कदी. मानसं म्हनली, बिल्ला घिऊन जा, रंगूबाई. मी म्हनलं, ते आत ग्येल्यात. भाईर आलं की त्येंचं ते घेतील.”

“आणि ते... ‘व्हय’?”

“मीच की!” रंगूबाई पहिल्यांदा हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. “तुमास्नी कोन वाटलं?”

कोण वाटलं, ते सांगायला दिनानाथची जीभ रेटेना. कानांवर ओढलेली टोपी, पंख्यांची घरघर, आणि पाठीमागून, अवघ्या काही हातांवरून येणारा तो आवाज. इतके दिवस तो आत बघत होता. मागे वळून एकदा पाहिलं असतं तर! त्याला हसू येईना आणि रडूही येईना. लाज मात्र पुरेपूर वाटली.

“हाक मारली की कुनीतरी व्हय म्हनाया पायजे,” रंगूबाई समजावून सांगावं तसं म्हणाली. “न्हाईतर दार कसं लावायचं?”

दिनानाथ उठला. किल्ली लावली, दांडा ओढला. वाफ ओट्यावर पसरली. तो आत दोन पावलं गेला, टोपी न घालता.

“मानसिंग, चल रे. दार लावतोय.”

“व्हय,” त्याच्या पाठीमागून आवाज आला, स्वच्छ, थकलेला.

त्याने दार लावलं. रंगूबाईने पोतं डोक्यावर घेतलं. पायऱ्या उतरताना तिने विचारलं, “तुमी किती दिस हायसा?”

तोच प्रश्न. घरात ज्यावर तीन पक्ष होते तो. “दसऱ्यापर्यंत तरी आहे,” दिनानाथ म्हणाला.

“बरं झालं. तंवर तरी येती मी.”

त्या रात्री त्याने सरोजिनीबाईंना सगळं सांगितलं. घाबरलो होतो, हेसुद्धा. त्या हसल्या नाहीत. ताटातला भात चिवडत म्हणाल्या, “आणि तीन दिवस ती बाई हाकेसाठी बसून राहिली?” दुसऱ्या दिवशी डब्यात घावन जास्त होते, आणि वेगळ्या कागदात नारळाची चटणी. सोबत सूचना, “तिला द्या. सगळे स्वतः खाऊ नका.”

पुढचे दिवस बरे गेले. रंगूबाई घावन मोडून मोडून, दात नसलेल्या बाजूने चघळत खायची आणि मानसिंगबद्दल सांगायची. ते कसे तापट आहेत, चहात साखर कमी पडली की कप कसा सरकवून देतात, पंढरीनाथ नावाच्या बैलाच्या आठवणीने या मुंबईत कसे रडतात. सगळं वर्तमानकाळात. “ह्यास्नी वांगं आवडत न्हाई,” असं. दिनानाथही मग ‘हो का?’ म्हणायचा, जणू पुढच्या वेळी वांगं करायचं नाही हे ध्यानात ठेवत होता. क्षिप्राचे नव्वद दिवस केव्हाच उलटून गेले. कोणी मोजले नाहीत.

नवरात्र बसलं, आणि एका संध्याकाळी ओट्याचं टोक रिकामं दिसलं. येईल उशिराने, असं म्हणून दिनानाथ थांबला. मग आत गेला, हाक मारली. पंख्यांची घरघर. पुन्हा मारली. काही नाही. ज्या आवाजाच्या भीतीने त्याने महिने काढले होते, तो न आल्याने आता दार लावायला हात उचलेना. तो प्रत्येक बोळात जाऊन आला, खजुराच्या थप्पीमागे वाकून पाहिलं, परत हाक मारली. शेवटी कंप्रेसरवरचा माणूस ओरडला, “काका, थंड हवा सगळी बाहेर चालली! लावा की!” तेव्हा त्याने दार लावलं. घरी जाईपर्यंत त्याला वाटत राहिलं की आपण कुणाला तरी आत ठेवून आलोय.

सकाळी शिवतेज उशिरा आला. डोळे तांबारलेले.

“रंगूकाकी गेली, काका. काल दुपारी. कांदे निवडता निवडता मान टाकली. आमाला घरी गेल्याव कळलं, समदे रात्री तिकडंच होतो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमचा नंबर कुठंय आमच्याकडं?” शिवतेज म्हणाला.

खंडेनवमीला काम दुपारीच थांबलं. हमालांनी हातगाड्या धुतल्या, पोती ओढायचे आकडे पुसले, वजनकाट्याला हळदकुंकू वाहिलं. बिल्ले चिंचेने घासून लख्ख केले आणि फळीवर परत अडकवून प्रत्येकाला एकेक झेंडू लावला. शिवतेजने काळा बिल्लाही काढून हातात घेतला होता. तो घासून झाल्यावर त्यावरचा नंबर प्रथमच दिसला.

“काका, ह्यो आता काढून ठेवू काय? काकी बी नाय ऱ्हायली.”

सगळे हमाल दिनानाथकडे पाहायला लागले. नोकरीला अजून वर्षही न झालेल्या या माणसाने का सांगायचं, असं कुणाच्याच मनात आलेलं दिसलं नाही.

“ते आत गेलेत,” दिनानाथ म्हणाला. “बाहेर आले की त्यांचं ते घेतील.”

शिवतेजने मान हलवली आणि बिल्ला शेवटच्या खिळ्यावर अडकवला. अडकवून, सवयीने दोनदा हलवून पाहिला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, हमालांनी आपापले बिल्ले काढून घेतले आणि ते पांगले. मॅनेजरनेही जाताना हात मिळवून विचारलं, “मग, दसऱ्यानंतर आहात ना, गोठणकर?” दिनानाथ म्हणाला, “आहे की,” आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज काही ठरवायचं होतं.

फोन वाजला. सरोजिनीबाई.

“झालं का? श्रीखंडाला चक्का आणायचाय, लवकर या.”

“हाक मारायची राहिलीय.”

 “मारा मग,” त्या म्हणाल्या. “मी थांबते.”

ओट्याच्या टोकाला कागदाचे काप वाऱ्याने जमले होते. आता ते उचलायला कोणी नव्हतं. दिनानाथ आत दोन पावलं गेला. दुपारचं ऊन मागून पट्ट्यांतून आत आलं होतं आणि वाफेत विरत होतं.

“मानसिंग,” त्याने हाक मारली. थोडं थांबून म्हणाला, “रंगूबाई. चला, दार लावतोय.”

तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. पंखे घरघरत होते. टोपी त्याने हातात धरली होती, म्हणजे कुठूनही काही आलं असतं तर ऐकू आलं असतं.

“व्हय,” दिनानाथ शेवटी म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.